हळू वाजवलं तरी आवाज तेवढाच: सिंथ प्लगइनमधली व्हेलॉसिटी आणि प्रीसेटची दुखणी

मी एक छोटा सिंथ प्लगइन, म्हणजे संगणकावरच्या रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये चालणारं वाद्य, लिहितो आणि सांभाळतो. तो वापरणारे बहुतेक आपल्याकडचेच: वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारे, घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे, भजनी मंडळात साथ करणारे. त्यांच्या तक्रारी फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात, व्हेलॉसिटी आणि प्रीसेट. व्हेलॉसिटी म्हणजे पट्टी किती वेगानं दाबली गेली त्याचा आकडा. प्रीसेट म्हणजे बसवून सेव्ह केलेला आवाज. आणि गंमत अशी की तक्रार प्लगइनच्या नावानं येते, पण दुखणं निम्म्या वेळा भलतीकडेच निघतं. जेव्हा ते माझ्याच कोडमध्ये निघालं, तेही खाली लपवलेलं नाही.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कोणतं ते ओळखा.

- हळू वाजवा की जोरात, आवाज एकसारखा.
- पट्टी जिवाच्या आकांतानं दाबली तरच वाजते, नाहीतर शांतता.
- सगळंच बारीक ऐकू येतं, फेडर वरपर्यंत नेला तरी.
- बाकी सगळं ठीक, पण एकच पट्टी मधूनच किंचाळते.
- पट्टी सोडली तरी स्वर वाजतच राहतो. एका कीबोर्डवर होतं, दुसऱ्यावर नाही.
- कॉर्ड धरून ठेवली आणि वर एक स्वर हलकेच लावला, की खालची कॉर्डही एकदम दबते.
- काल बसवलेला प्रीसेट आज वेगळा वाजतो. किंवा त्याआधी कोणता प्रीसेट उघडला होता त्यावर त्याचा आवाज बदलतो.
- तुमच्या मशीनवर सगळं छान, मित्राच्या मशीनवर तोच प्रीसेट मुका.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, अवघड आणि खर्चिक नंतर, अशा क्रमानं आहेत. क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा आवाज व्हेलॉसिटीला दाद देणारा आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण सांगलीकडच्या एका साथीदारानं तो मला चांगलाच शिकवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, तुमची पेटी पेटीसारखी वागत नाही. हळू दाबली की रुसते, जोरात दाबली की ओरडते." मी आधी त्याच्या कीबोर्डवर संशय घेतला. मग घरातल्या खऱ्या पेटीसमोर बसलो आणि माझं मलाच हसू आलं. पेटीची पट्टी दाबली की झडप उघडते आणि रीडला हवा मिळते. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो भात्यावर. आणि मी प्रीसेट बनवताना पियानोच्या सवयीनं व्हेलॉसिटी आवाजाच्या पातळीला जोडून ठेवली होती, तीही सत्तर टक्के.

पाइप ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड यांचंही तसंच. त्यांच्या पट्टीला जोर कळत नाही, म्हणून चांगल्या प्रीसेटमध्ये व्हेलॉसिटीचं प्रमाण मुद्दाम शून्य ठेवलेलं असतं. तुमची तक्रार "आवाज बदलत नाही" अशी असेल आणि प्रीसेट ऑर्गनचा असेल, तर बिघाड काहीच नाही. तबला, संतूर, पियानो मात्र जोराला दाद देणारच.

पेटीसाठी मी पुढे काय केलं तेही सांगतो, कारण हे अनेकांना हवं असतं. व्हेलॉसिटीचं प्रमाण शून्य केलं आणि आवाजाची पातळी मिडीच्या (कीबोर्ड आणि संगणक ज्या भाषेत बोलतात तिच्या) ११ क्रमांकाच्या कंट्रोलरला, म्हणजे एक्स्प्रेशनला, जोडली. ज्यांच्याकडे एक्स्प्रेशन पेडल नाही त्यांच्यासाठी मॉड्युलेशन चाक. डावा हात चाकावर, उजवा पट्ट्यांवर. पेटीवाल्याला हे शिकवावं लागत नाही, त्याचा डावा हात आयुष्यभर तेच करत आलेला असतो.

कीबोर्डवरची बटणं

फुकटची आणि दहा सेकंदांची तपासणी. बहुतेक मिडी कीबोर्डांत व्हेलॉसिटीचा कर्व्ह, म्हणजे किती जोराला कोणता आकडा ते, निवडता येतो: सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड आणि फिक्स्ड. फिक्स्ड लागला असेल तर कसंही वाजवा, एकच आकडा जातो. काही पॅडवाल्या कंट्रोलरवर फुल लेव्हल नावाचं बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं की प्रत्येक ठोका १२७. लहान मुलं असलेल्या घरांत हे विशेष घडतं.

संगणकाच्या टायपिंग कीबोर्डवरून वाजवत असाल तर तिथे व्हेलॉसिटी येणारच नाही. त्या बटणाला किती वेगानं दाबलं ते कळतच नाही.

आकडा डोळ्यांनी पाहा

सगळ्या पोस्टमधून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कानावर विश्वास ठेवू नका, आकडा बघा.

मिडीच्या नोट-ऑन संदेशात तीन बाइट असतात: काय घडलं, कोणता स्वर आणि किती व्हेलॉसिटी. शेवटच्या दोन बाइटांत प्रत्येकी सातच बिट वापरायचे, म्हणून आकडा ० ते १२७ असतो. त्यातलं शून्य नोट बंद करण्यासाठी राखीव. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात खऱ्या अर्थानं १ ते १२७. बोटापासून स्पीकरपर्यंत हा एक आकडा प्रवास करतो: कीबोर्ड, डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम), प्लगइन, प्रीसेट, मिक्सर. तो कुठे बिघडतो ते शोधायचं, बस्स.

विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर हे छोटे प्रोग्रॅम आकडे दाखवतात. रीपर वापरत असाल तर ट्रॅकवर रीआकंट्रोलमिडी टाका, त्यात येणारे संदेश दाखवणारा लॉग आहे. बाकी कुठल्याही डीएडब्ल्यूमध्ये रेकॉर्ड करून पियानो रोलखालच्या उभ्या रेघा पाहिल्या तरी चालतं.

मधला सी (मिडल सी) घ्या, म्हणजे मिडीतला ६० क्रमांकाचा स्वर. तो दहा वेळा वाजवा, अगदी हलक्यापासून पूर्ण जोरापर्यंत. मग कागदावर दहा आकडे लिहा. हो, कागदावरच. मला पाठवायची वेळ आली तर हाच कागद लागेल.

सगळे आकडे ६४ असतील तर कीबोर्डला जोर मोजताच येत नाही. ज्याच्याकडे हा सेन्सर नाही त्यानं ६४ पाठवावा असं मिडीच्या मूळ नियमांतच आहे. सगळे १०० किंवा १२७ असतील तर फिक्स्ड लागलेला आहे, मागच्या तपासणीवर परत जा. आकडे ३५ ते ९० मध्येच घुटमळत असतील तर कर्व्ह हार्ड आहे किंवा तुमचा हात हलका आहे. दोन्हींवर उपाय एकच: कीबोर्डवरचा कर्व्ह सॉफ्ट करा.

पियानो रोलमध्ये आकडे चांगले चढते-उतरते दिसले तर कीबोर्ड निर्दोष आहे. त्याला सोडा आणि पुढे चला.

एक आग्रहाची विनंती. कीबोर्डाचा दोष प्लगइनमधल्या कर्व्हनं झाकू नका. आज बरं वाटतं. उद्या कीबोर्ड बदलला किंवा दुसऱ्या कुणी वाजवलं, की तुम्ही बसवलेले सगळे प्रीसेट वाकडे होतात.

ट्रॅकवर वाटेत कोण बसलंय?

ट्रॅकवर आणि मास्टरवर कॉम्प्रेसर किंवा लिमिटर (मोठा आवाज दाबून धरणारे इफेक्ट) असेल तर सगळे बायपास करा आणि पुन्हा वाजवा. लिमिटर जोरात कामाला लावलेला असेल तर हलका आणि जोरकस स्वर एकाच पातळीवर येतात. प्लगइन इमानदारीनं फरक पाठवत असतो आणि मास्टरवर तो पुसला जातो. "मिक्समध्ये टाकल्यावर डायनॅमिक्स गेलं" ही तक्रार जवळजवळ नेहमी इथेच मिटते. मिडी इफेक्टही पाहा, एखादा अर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणारा) स्वतःची ठरलेली व्हेलॉसिटी लावत असेल.

मग रेकॉर्ड केलेली तीच मिडी क्लिप दुसऱ्या सिंथमधून वाजवा. सर्ज एक्सटी किंवा डेक्स्ड घ्या, दोन्ही मुक्त आणि फुकट आहेत. तिथे फरक नीट ऐकू आला तर कीबोर्ड, डीएडब्ल्यू आणि मिक्सर एका फटक्यात सुटले. राहिला तो प्लगइन किंवा त्यातला प्रीसेट.

प्रीसेट की प्लगइन?

प्लगइनमधला रिकामा प्रीसेट उघडा. बहुतेक ठिकाणी त्याला इनिट म्हणतात. त्यात व्हेलॉसिटी नीट लागते आणि तुमच्या लाडक्या प्रीसेटमध्ये नाही, तर दोष प्रीसेटचा. बहुतेक वेळा तिथली व्हेलॉसिटीची नॉब शून्यावर असते. किंवा ती आवाजाच्या पातळीऐवजी फिल्टरला जोडलेली असते: जोरात वाजवल्यावर स्वर मोठा होत नाही, उजळ होतो. ही चूक नाही, निवड आहे, आणि बऱ्याचदा चांगली निवड आहे.

१९८३ च्या यामाहा डीएक्स ७ मध्ये प्रत्येक ऑपरेटरला (स्वर घडवणाऱ्या सहा घटकांपैकी एकाला) व्हेलॉसिटीचं वेगळं प्रमाण देता येई, ० ते ७. ऐकू येणाऱ्या ऑपरेटरला दिलं की आवाज लहानमोठा होतो, त्याला हलवणाऱ्या ऑपरेटरला दिलं की स्वराचा रंग बदलतो. डेक्स्डमध्ये एखादा इलेक्ट्रिक पियानो उघडून हे आकडे स्वतः फिरवून पाहा. प्रीसेट बनवायला शिकायचं असेल तर त्या अर्ध्या तासात पुष्कळ कळतं.

प्रीसेट बनवणाऱ्यांची एक नेहमीची चूक इथेच सांगतो. पातळी बसवताना सगळे १२७ नं वाजवून बसवतात. प्रत्यक्षात माणूस त्याच्या बराच खाली वाजवतो. व्हेलॉसिटीचं प्रमाण शून्य असलेला प्रीसेट आणि शंभर टक्के असलेला प्रीसेट १२७ ला सारखे वाजले, तरी ८० ला दुसरा कितीतरी खाली जातो. मग कार्यक्रमात प्रीसेट बदलला की साउंडवाला हात वर करून ओरडतो. मी आता सगळ्या प्रीसेटची पातळी ९० नं वाजवून बसवतो.

वाजवणाऱ्यांसाठी फुकटच्या तपासण्या इथे संपल्या.

कीबोर्ड उघडायची वेळ

ही तपासणी फक्त एका लक्षणासाठी: एकच पट्टी किंवा शेजारच्या दोन-तीन पट्ट्या मधूनच १२७ देतात किंवा मुक्या होतात.

कारण समजून घ्या म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा की नाही ते ठरवता येईल. साध्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराच्या पट्टीवर कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. दोघांमधला वेळ कीबोर्ड मोजतो. वेळ कमी तर वेग जास्त, म्हणजे व्हेलॉसिटी जास्त. आता पहिल्या ठिपक्यावर धूळ बसली तर तो उशिरा टेकतो, जवळजवळ दुसऱ्याबरोबरच. मधला वेळ नाहीसा होतो आणि कीबोर्डाला वाटतं की कुणीतरी पट्टीवर घण घातला. म्हणूनच मळलेली पट्टी मुकी होण्याआधी किंचाळते.

माझ्याकडे आलेल्या एका कीबोर्डात रबराखाली चक्क गुलाल निघाला. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर वाजवला होता. तीन पट्ट्यांखाली गुलाबी थर, आणि नेमक्या त्याच तीन पट्ट्या १२७ देत होत्या.

वॉरंटी संपली असेल, आधी काही उघडायचा हात असेल आणि स्क्रू कुठून निघाला ते फोटो काढत जायची शिस्त असेल, तरच उघडा. आधी यूएसबी आणि अडॅप्टर दोन्ही काढा. रबराची पट्टी अलगद उचला. खालच्या बोर्डावरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं हलकेच पुसा. अल्कोहोल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. घासू नका. कार्बनचा थर निघाला तर पट्टी कायमची गेली. रबराला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणाच पुढचा बिघाड करतो. पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका.

इथे थांबायचं कधी? रबर फाटलेलं दिसलं, बोर्डावर हिरवट गंज दिसला, रिबन केबल सुटली आणि नीट बसेना, किंवा कुठेही सोल्डरिंग करावं लागेल असं वाटलं, तर झाकण लावा आणि दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आणि कीबोर्ड अडॅप्टरवर असताना पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर व्हेलॉसिटी राहू द्या बाजूला, आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घरचं अर्थिंग तपासून घ्या.

इथून पुढे कोड ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी

स्वतःचा प्लगइन लिहिताय? मग लक्षणावरून चूक ओळखणं बरंच सोपं आहे, कारण चुका त्याच त्या असतात.

पूर्ण जोरात मारल्यावरच वाजतं: पूर्णांकांचा भागाकार. सी प्लस प्लसमध्ये व्हेलॉसिटी पूर्णांक असेल आणि तिला १२७ नं भागलं, तर १२६ पर्यंत उत्तर शून्य आणि १२७ ला एक. मी ही चूक केली आहे. दोन दिवस फिल्टरमध्ये शोधत होतो.

सगळंच बारीक वाजतं: दोनदा भागाकार. ज्यूस फ्रेमवर्कमध्ये व्हॉइस (एका वेळी एक स्वर वाजवणारा भाग) सुरू करणाऱ्या फंक्शनला व्हेलॉसिटी आधीच ० ते १ अशी मिळते. व्हीएसटी ३ या प्लगइनच्या फॉरमॅटमध्येही ती तशीच येते. जुन्या व्हीएसटी २ मध्ये मात्र कच्चे मिडी बाइट येत. जुना कोड नव्या ठिकाणी उचलून ठेवला की १२७ नं पुन्हा भागलं जातं आणि सगळा आवाज ४२ डेसिबलनं खाली जातो. अशा वेळी आउटपुटला गेन लावून भागवू नका. नको तो भागाकार काढा.

कॉर्ड दबते: व्हेलॉसिटी सगळ्या व्हॉइसांसाठी एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवली आहे. ती प्रत्येक व्हॉइसची स्वतःची असली पाहिजे. स्वर सुरू होताना एकदा उचलायची आणि तो संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

स्वर अडकतो, तोही काही कीबोर्डांवरच: शून्य व्हेलॉसिटीचा नोट-ऑन म्हणजे नोट-ऑफ, हे कोडमध्ये हाताळलेलं नाही. काही कीबोर्ड वेगळा नोट-ऑफ पाठवतात, काही शून्याचा नोट-ऑन. ही युक्ती १९८३ च्या काळातली आहे. मिडीच्या तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे तीन बाइटांच्या संदेशाला जवळजवळ एक मिलिसेकंद. सलग येणाऱ्या संदेशांचा प्रकार तोच असेल तर पहिला बाइट पुन्हा पाठवावा लागत नाही. मग स्वर बंद करायलाही नोट-ऑनच वापरला तर तेवढी बचत होते. तारा गेल्या, यूएसबी आलं, युक्ती राहिली.

फरक ऐकू येतो पण वाजवायला मजा येत नाही: कर्व्ह सरळ रेषेचा आहे. व्हेलॉसिटी ६४ ला सरळ रेषेत आवाज फक्त ६ डेसिबलनं खाली येतो. वर्ग केला तर १२ नं. ३२ ला तेच आकडे १२ आणि २४ होतात. सरळ रेषेत मधल्या आकड्यांचे सगळे स्वर एकाच पातळीचे वाटतात आणि अगदी खालचे काही आकडे मात्र एकदम खड्ड्यात जातात. मी वर्गापासून सुरुवात करतो आणि प्रमाणाची नॉब वापरणाऱ्याच्या हातात देतो. मधला घातांक कोणता घ्यायचा यावर वाद घालायला माझी ना नाही, पण तो वाद एखाद्या चांगल्या वादकाला शेजारी बसवून घाला, आलेख बघून नव्हे.

फिल्टरला व्हेलॉसिटी जोडताना हर्ट्झ मिळवू नका, सप्तकं मिळवा. पाया ४०० हर्ट्झ असेल आणि पूर्ण व्हेलॉसिटीला चार सप्तकं दिली, तर कटऑफ (जिथून वरचा आवाज फिल्टर कापतो ती जागा) ६,४०० पर्यंत जातो आणि वाटेतली प्रत्येक पायरी कानाला सारखी वाटते. वरची मर्यादा जरूर घाला. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २२,०५० च्या पलीकडे कटऑफ गेला तर बरेच फिल्टर पिसाळतात. तिथे सावकाश सुरुवात नसते, थेट स्पीकरमधून धडाका येतो. तपासताना हेडफोन कानाला लावू नका.

पेटीसारखं एक्स्प्रेशनवर चालणारं काही करत असाल तर आणखी एक. व्हीएसटी ३ मध्ये कंट्रोलरचे मिडी संदेश थेट येत नाहीत. कोणता कंट्रोलर कोणत्या पॅरामीटरला, ते प्लगइननं होस्टला, म्हणजे डीएडब्ल्यूला, सांगावं लागतं. फ्रेमवर्क हे तुमच्यासाठी करतं का ते पाहा. करत नसेल तर "पेडल चालत नाही" अशा तक्रारींची तयारी ठेवा.

प्रीसेट जो स्वतःचं नाव विसरतो

आता सगळ्यात चिवट दुखणं. एक प्रीसेट उघडला, छान. दुसरा उघडून पहिल्यावर परत आलो, तर वेगळाच.

कारण बहुतेक वेळा हे: प्रीसेट जुन्या आवृत्तीत सेव्ह झाला तेव्हा व्हेलॉसिटी-ते-फिल्टर नावाचं पॅरामीटरच नव्हतं. फाइलमध्ये ते नाही, म्हणून उघडताना त्याला कुणी हात लावत नाही. आधीच्या प्रीसेटनं ते जिथे ठेवलं तिथेच ते राहतं. उपाय एका ओळीचा: प्रीसेट वाचण्याआधी सगळी पॅरामीटरं मूळ किमतीवर आणा, मग फाइलमधलं लावा. आणि नव्या पॅरामीटरची मूळ किंमत अशी निवडा की जुने प्रीसेट पूर्वीसारखेच वाजतील. माझ्या बाबतीत ती शून्य असायला हवी होती. मी ३० टक्के ठेवली होती, कारण मला ती छान वाटत होती. लोकांनी वर्षभर वापरलेले प्रीसेट एका अपडेटनं उजळ झाले, आणि त्यांनी मला जे ऐकवलं ते रास्तच होतं.

दुसरं कारण, किमती ० ते १ मध्ये दाबून साठवणं. कटऑफची कमाल १२,००० वरून १८,००० केली की जुन्या फाइलमधलं ०.५ आता वेगळ्या जागी पडतं. फाइलमध्ये खरी किंमत लिहा: हर्ट्झमध्ये, मिलिसेकंदात, डेसिबलमध्ये. सोबत आवृत्तीचा क्रमांकही लिहा. पहिल्या दिवसापासून. नंतर घालता येत नाही असं नाही, पण नंतर घातलेल्याला आधीच्या फाइली ओळखता येत नाहीत.

तिसरं कारण मला जर्मनीतून कळलं. तिकडे नोकरी करणारा आणि मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात कीबोर्ड वाजवणारा एक जण सांगत होता की माझे सगळे प्रीसेट त्याच्याकडे मुके आहेत. इथे दहा मशीनवर तपासलं, सगळीकडे ठणठणीत. शेवटी त्याला प्लगइनमधूनच एक प्रीसेट सेव्ह करून पाठवायला सांगितलं. फाइल उघडली आणि डोक्यात प्रकाश पडला. माझ्या फाइलीत ०.७५, त्याच्या फाइलीत ०,७५. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्याच्या मशीनवर होस्टनं किंवा शेजारच्या कुठल्या प्लगइननं त्या प्रदेशाची मांडणी लागू केली होती, आणि आकडे वाचणारं माझं साधं फंक्शन टिंबापाशी थांबून ०.७५ ला शून्य समजत होतं. आवाजाची पातळी शून्य, फिल्टर शून्य, सगळंच शून्य. आपल्याकडे टिंबच वापरतात, त्यामुळे भारतात बसून हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. आकडे वाचणारं आणि लिहिणारं फंक्शन प्रदेशाच्या मांडणीवर अवलंबून नसलेलं घ्या, आणि बाहेर पाठवण्याआधी स्वतःचं मशीन एकदा जर्मन करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं झालं की प्लगइनव्हॅल नावाचं मुक्त साधन चालवा. ते होस्टसारखं वागून प्लगइनची अवस्था सेव्ह करतं, परत लावतं, नको नको त्या क्रमानं छळतं. कडकपणाच्या दहा पायऱ्या आहेत, निदान पाचवी पार झाल्याशिवाय प्लगइन कुणाच्या हातात देऊ नका.

कोडमध्ये थांबायचं कधी? व्हेलॉसिटीचा आकडा व्हॉइसपर्यंत बरोबर पोचतोय हे तुम्ही छापून पाहिलंय, आणि तरीही जोरकस स्वरांत खरखर किंवा परकी शिट्टी ऐकू येते, तर तो व्हेलॉसिटीचा विषय राहिलेला नाही. तो एलियसिंगचा (सॅम्पल रेटमध्ये न मावणारे सूर भलत्या जागी उमटण्याचा) किंवा अस्थिर फिल्टरचा आहे, आणि सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्या माणसाकडे जायची वेळ झाली. होस्ट कधीमधी कोसळत असेल आणि तुम्हाला पुन्हा घडवून आणता येत नसेल, तरीही तेच. ऑडिओ थ्रेडमधल्या शर्यती अंदाजानं सुटत नाहीत.

प्लगइन दुसऱ्याचा असेल तर

मग तुमचं काम आकड्यापर्यंतच. कर्त्याला लिहिताना "नीट वाजत नाही" एवढंच लिहू नका. दहा आकड्यांचा तो कागद, रेकॉर्ड केलेली मिडी क्लिप, प्रीसेटची फाइल, डीएडब्ल्यूचं नाव आणि आवृत्ती, प्लगइनची आवृत्ती, तो व्हीएसटी ३ आहे की ऑडिओ युनिट, आणि रिकाम्या प्रीसेटमध्ये काय होतं ते, एवढं पाठवा. आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवायचं असेल तर मास्टरवरचा लिमिटर काढून करा. सांगलीच्या त्या साथीदारानं पहिल्यांदा मला जे रेकॉर्डिंग पाठवलं होतं, त्यात हळू आणि जोरात वाजवलेले सूर एकाच पातळीचे होते. रेकॉर्डिंग फोनवर केलेलं होतं, आणि फोननंच ते सारखे करून टाकले होते.